जायफळाची कॉफी

जायफळाची कॉफी : जवळजवळ निव्वळ दुधात साखर व थोडी कॉफी घालून उकळलेले आणि वरून जायफळ किसून दिले जाणारे गरम पेय. महाराष्ट्रात ते बहुतेक सगळीकडे होते. या नोंदीत चिपळूण आणि आसपासच्या गावांतील घरगुती रीत मुख्यतः दिली आहे. दक्षिणेकडील फिल्टर कॉफीत अर्क मुख्य असतो आणि दूध त्याच्या जोडीला येते. इथे दूध मुख्य, कॉफी रंगापुरती आणि वास जायफळाचा. कॉफी कडू लागली तर करणाऱ्याचा हात चुकला असे समजतात.

या कॉफीला कोकणात जो मान आहे तो कॉफीमुळे नसून दुधामुळे आहे. डोंगरउतारावर, पावसाळी गवतावर चरणारी इथली गावठी गाय लहान चणीची. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ती काटक आहे, पण दूध बेताचेच देते. वासराला सोडून उरलेल्यात घरातली मुले, विरजण आणि देवाचा नैवेद्य भागवायचा असे. त्यामुळे रोजचे पेय म्हणजे कोरा चहा : पाण्यात गूळ, परसातल्या गवती चहाची दोन-तीन पाती, असले तर आले, आणि शेवटी चिमूटभर चहापूड. त्या घरात पाहुण्यापुढे दाट दुधाची कॉफी आली म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी वाटणीचे दूध त्या कपात आले, हे पाहुण्यालाही कळत असे. जावई, व्याही, भिक्षुक, बाळंतिणीला भेटायला आलेली माहेरची माणसे यांच्यासाठी ती होई. आज पिशवीतले दूध कुंभार्ली घाटातून कराड-सांगलीकडून रोज उतरते आणि चिपळुणात हव्या त्या वेळी मिळते. पावसाळ्यात घाटात दरड आली आणि गाड्या अडकल्या की मात्र पुन्हा कोरा चहाच चुलीवर चढतो.

कॉफीचे झाड कोकणच्या किनारपट्टीत बागायती पीक म्हणून रुजले नाही. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी परंपरागत कथा आहे, आणि आजही भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडूतून येते. चिपळूणला ती आली मुंबईवरून. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये मुंबईत कॉफी दळून विकण्याचा धंदा सुरू केला. ‘पोलसन’ हे त्यांचे नाव पुढे लोण्यामुळे जास्त गाजले, पण आरंभ कॉफीचा होता. गिरगाव-लालबागेत नोकरी करणारे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना जे सामान आणत त्यात कॉफीचा डबा असे. रस्ते नीट होण्याआधी ही माणसे आगबोटीने दाभोळला उतरत आणि वाशिष्ठीच्या खाडीतून होडीने गोवळकोटच्या धक्क्याला लागत. त्या कॉफीत चिकोरी असे. चिकोरी हे एका मुळाचे भाजून केलेले चूर्ण. त्यात कॅफीन नसते, पण रंग गडद येतो आणि दुधाला दाटपणा येतो. दूध भरपूर आणि कॉफी थोडी या इथल्या रीतीला ती फार सोयीची ठरली. पुढे झटपट विरघळणारी कॉफी आली आणि गाळण्याचे काम संपले. जुन्या माणसांना मात्र चिकोरीवाल्या कॉफीचाच रंग बरोबर वाटतो.

जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. मसाल्याच्या व्यापारातून ते भारतात फार पूर्वीच आले आणि आयुर्वेदात जातिफल म्हणून स्थिरावले. ओलसर हवा, उतारावरचा निचरा आणि उंच झाडांची सावली त्याला मानवते. म्हणून चिपळूण, गुहागर, दापोलीकडे ते नारळी-पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात. यात एक मोठी अडचण होती. जायफळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी लावले तर निम्म्याच्या आसपास रोपे नर निघतात, आणि हे कळायला फुलोऱ्याची वाट पाहावी लागते. तोवर सहा-सात वर्षे शिंपणे झालेले असते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमे बांधण्याची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’, ‘कोकण श्रीमंती’ अशा जाती दिल्या. कोकणच्या परसात आज जायफळ दिसते त्यात या कामाचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे श्रेय जेवढे द्यावे तेवढे दिले जात नाही.

पिकलेले फळ झाडावरच उकलते. आत काळपट चकचकीत कवचाला लालभडक जायपत्रीची जाळी बिलगलेली असते. पत्री हलक्या हाताने सोडवून वेगळी वाळवतात. वरच्या सालीचे लोणचे किंवा मुरंबा होतो. बी कवचासकट वाळवतात. पुरेसे वाळले की आतला गर आकसतो आणि कानाशी हलवले तर खुळखुळ वाजतो. मग कवच फोडायचे.

कृती. दोन माणसांना दीड कप दूध, पाव कप पाणी, दोन ते तीन चमचे साखर आणि एक लहान चमचा झटपट कॉफी पुरते. पाणी आधी पातेल्यात ओततात, म्हणजे दूध तळाला लागत नाही. मंद आचेवर दोन उकळ्या येऊ द्याव्या. दूध किंचित आटले पाहिजे. तोवर वाटीत कॉफी आणि साखर घेऊन त्यावर दोन चमचे कोमट दूध घालून घोटावे, गुठळी राहत नाही. हे मिश्रण दुधात सोडले की एकच उकळी, मग आच बंद. चिकोरीची कॉफी असेल तर ती पाण्यात वेगळी उकळून, झाकून निवू द्यावी आणि फडक्यातून गाळून दुधात घालावी. गूळ घालू नये. उकळत्या दुधात गुळाने दूध फाटण्याची भीती असते, आणि गुळाचा वास जायफळाला वर येऊ देत नाही.

जायफळ केव्हा घालायचे यावर घराघरांत मतभेद आहेत. काही जणी ते दुधाबरोबरच उकळतात. त्यात तोटा आहे, कारण जायफळाचा सुगंध उडनशील तेलाचा असतो आणि उकळताना तो वाफेबरोबर निघून जातो. कपात उरते ती तुरट चव. आच बंद केल्यावर किसणीच्या सर्वांत बारीक बाजूवर पाच-सहा हलके हात मारावेत आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. किसताना आतली बदामी-पांढरी नक्षी दिसली आणि बोटाला तेलकट ओल लागली तर जायफळ ताजे. भुकटीसारखे कोरडे पडले तर ते जुने आहे. मोठ्या पातेल्यासाठी सहाणेवर थोड्या दुधात उगाळून घालणे सर्वांत चांगले. तळाशी कण बसत नाहीत आणि शेवटच्या कपालाही पहिल्याइतकाच वास येतो. साय धरू नये म्हणून कॉफी दोन भांड्यांत वरखाली करतात, त्याने फेसही येतो. बाजारातील तयार पूड शक्यतो वापरू नये.

चहा आणि कॉफी एकाच कपात मिसळण्याची रीत कोकणात मुरलेली नाही. हाँगकाँगमध्ये आटवलेल्या दुधाचा कडक चहा आणि कॉफी यांचे मिश्रण नित्याचे आहे. मलेशियातही ते मिळते आणि इथिओपियातही. सात भाग दुधाचा चहा आणि तीन भाग कॉफी हे हाँगकाँगचे सर्वपरिचित प्रमाण. ते इथल्या सामानात करायचे तर चहा वेगळा, कडक उकळून गाळावा आणि तयार दुधाच्या कॉफीत शेवटी ओतावा. दोन्ही पुडी एकत्र उकळल्यास तुरटपणा वाढतो. अशा मिश्रणात जायफळ निम्मे करावे. गवती चहा मात्र यात बिलकुल नको. त्याचा लिंबासारखा वास आणि जायफळ एकमेकांना मारतात.

प्रसंग. कोजागरीला मसाला दुधाच्या जोडीला, हिवाळ्यातील हळदीकुंकवाला, लग्नघरी रात्री जागणाऱ्या मंडळींना आणि गणपतीच्या दिवसांत उशिरापर्यंत चालणाऱ्या भजनानंतर ही कॉफी होते. भजनीबुवांसाठी ती थोडी पातळ ठेवतात, कारण दाट दुधाने घसा बसतो असा समज आहे. अनेक घरांत ती उपासालाही चालते. लहान मुलांना पूर्वी कॉफी न घालता नुसते जायफळाचे दूध देत, आणि तान्ह्या बाळाच्या गुटीत जायफळाचे एक-दोन वेढे उगाळत.

प्रमाण सांभाळणे महत्त्वाचे आहे. चिमूटभर जायफळ निरुपद्रवी असते, परंतु पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ, एका माणसाच्या पोटात गेले तर मळमळ, धडधड, घशाला कोरड आणि भ्रम होऊ शकतो. याला त्यातील मिरिस्टिसीन हे द्रव्य कारण मानतात. झोप लागावी म्हणून मात्रा वाढवत नेणे म्हणूनच धोक्याचे. गरोदरपणी ते टाळण्याची जुनी सूचना पाळावी.

साठवण : कोकणच्या पावसाळी हवेत फोडलेल्या जायफळाला लवकर बुरशी धरते आणि बुरशी धरलेले जायफळ खरवडून वापरणेही घातक असते, ते टाकून द्यावे. कवचासकट वाळवलेले जायफळ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे, जून ते सप्टेंबर दरम्यान अधूनमधून उन्हे पडली की बाहेर काढावे, आणि एका वेळी एकच फोडावे.