बचनाग

(सं. वत्सनाभ, मोरवेल कुल). ॲकोनिटम फेरॉक्स व तिच्या जवळच्या जातींचे वाळवलेले विषारी कंद. ही हिमालयाच्या थंड उतारांवरची वनस्पती. सह्याद्रीत ती उगवत नाही. तरीही पुण्यात तिचा खप आहे, कारण ताप, पडसे, अंगदुखी यांवर मराठी घरांत सर्रास घेतली जाणारी ‘त्रिभुवनकीर्ती’ बचनागाशिवाय होत नाही. हिंगूळ, शोधलेला (विषारीपणा कमी केलेला) बचनाग, सुंठ, मिरे, पिंपळी, पिंपळमूळ आणि टाकणखार समभाग घेऊन त्यांना तुळस, आले व धोतरा यांच्या रसांच्या भावना देतात (त्या रसांत खलतात). या हिशेबाने 125 मिग्रॅ. मात्रेत सुमारे 18 मिग्रॅ. बचनाग पोटात जातो. धोतऱ्याची अल्कलॉइडे वेगळीच.

बचनागातील ॲकोनिटीन गटाची अल्कलॉइडे मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे धरून ठेवतात. तंतू आधी चाळवतो, मग बधिर होतो. वेदना कमी होते ती यामुळे. हाच प्रकार हृदयाच्या स्नायूत घडला की ठोक्यांची लय बिघडते. ओठ-जिभेला मुंग्या, उलट्या, अशक्तपणा ही लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतात. शुद्ध ॲकोनिटीन 2 मिग्रॅ. इतकेही प्राणघातक ठरू शकते.

रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या (स्थापना 1933) संस्थांत रसशास्त्राचे विद्यार्थी बचनागाचे शोधन शिकतात. कंदाचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ते तीन दिवस गोमूत्रात उन्हात ठेवतात, गोमूत्र रोज बदलतात. किंवा तुकड्यांची पुरचुंडी दोलायंत्रात टांगून दुधात प्रहरभर उकळतात. चीनमध्ये याच प्रजातीचे ‘चुआनवू’ कंद भिजवून, मधला पांढरा गाभा दिसेनासा होईपर्यंत चार ते सहा तास उकळतात. जिभेवर जेमतेम बधिरता उरली की काम झाले. उकळण्याने ॲकोनिटीनचे एस्टर बंध तुटतात आणि पुष्कळ सौम्य बेंझॉइलॲकोनीन उरते. शोधनाला निव्वळ सोवळे-ओवळे समजणाऱ्यांनी हे रसायन पाहावे. सांधेदुखीसाठी नीट न उकळलेले काढे घेऊन हाँगकाँगमध्ये 1990 च्या सुमारास अनेकांना विषबाधा झाली, काही दगावले. चीनने याच वर्गातील लॅपाकोनिटीन हे अल्कलॉइड वेगळे काढून वेदनाशामक म्हणून वापरात आणले.

याच प्रजातीचे अतिविष (ॲकोनिटम हेटेरोफायलम) मात्र बाळगुटीत सहाणेवर उगाळतात. त्यात ॲकोनिटीन नसते. ॲटिसीन असते, आणि ते कितीतरी कमी विषारी. दोन्ही कंद काष्ठौषधींच्या बाजारात मिळतात, तेव्हा सरमिसळीचा धोका खरा. अतिविष बाहेरून राखाडी, मोडल्यावर खडूसारखे पांढरे, चवीला नुसते कडू. बचनाग काळपट, शिंगासारखा निमुळता. ओळख चाखून पटवण्याची जुनी रीत बचनागाच्या बाबतीत सोडून दिलेलीच बरी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये वत्सनाभाची नोंद आहे. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. छापलेली असते, पण ती वाचून वैद्याकडे जाणारे थोडे, आणि गोळ्या चिठ्ठीविना सहज मिळतात. बचनागाच्या विषावर खास उतारा नाही. रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवून हृदयाच्या लयीवर नजर ठेवतात, लय बिघडल्यास ॲमिओडॅरोन देतात आणि औषधांना दाद न दिल्यास विष उतरेपर्यंत रक्ताभिसरण यंत्रावर चालवतात.