यंत्रमानव आणि वेठ



‘रोबो’ हा शब्द आता आपल्या पोरांच्या तोंडी रुळला आहे. त्याचा जन्म मात्र कारखान्यात झाला नाही, रंगभूमीसाठी झाला. कारेल चापेक या चेक नाटककाराने 1920 साली एक नाटक लिहिले. माणसासारखे दिसणारे कामकरी बनवून विकणारी एक कंपनी त्यात आहे. त्या कामकऱ्यांचे नाव ‘रोबोटा’ या चेक शब्दावरून पडले, आणि रोबोटा म्हणजे वेठ. शहरातल्या माणसाला वेठ म्हणजे काय हे कोशात पाहावे लागेल; आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुप्याच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला आपल्या देशात 1976 साल उजाडावे लागले. म्हणून यंत्रमानव बनविणाऱ्या कंपन्यांचा इतिहास पाहताना आम्ही एकच प्रश्न हाती धरणार आहोत: अशी कंपनी वाढते तेव्हा वेठ कोणाची सुटते आणि कोणाच्या मानेवर बसते?

या धंद्याची सुरुवात अमेरिकेत झाली. जॉर्ज डेव्हल याने 1954 साली आपल्या यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला. जोसेफ एंगेलबर्गर याने त्या कल्पनेवर ‘युनिमेशन’ ही कंपनी उभी केली. 1961 साली तिचा पहिला हात जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात साच्यातले तापलेले भाग उचलू लागला. ते काम माणसाला भाजणारे होते, तेव्हा तेथे वेठ सुटली असे म्हणण्यास आमची हरकत नाही. परंतु कंपनीला पहिला नफा दिसायला 1975 साल यावे लागले. इतकी वर्षे तोटा सोसणारे भांडवल पाठीशी नसते, तर तो हात केव्हाच गंजून गेला असता.

पुढे हाताला धड आणि पाय जोडण्याची हौस आली. जपानच्या होंडा कंपनीने 1986 साली चालणाऱ्या यंत्राचा अभ्यास आरंभला व 2000 साली ‘असिमो’ जगाला दाखविला. तो जिने चढे, पाहुण्यांचे स्वागत करी. त्याचा खर्च मात्र मोटारी आणि मोटारसायकली भागवीत होत्या. 2022 साली तो निवृत्त झाला. पॅरिसमध्ये 2005 साली निघालेल्या ‘आल्देबारान’ कंपनीला जपानी भांडवल मिळाले, 2014 साली तिचा ‘पेपर’ गाजला, सुमारे 27,000 नग बनले आणि मग मागणी आटली. 2025 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. उलट चीनमधील हांगचौची ‘युनिट्री’ 2016 साली निघाली ती चार पायांच्या यंत्रांपासून. ती विकत विकत 2023 साली ती दोन पायांवर आली. थोडक्यात, केवळ कौतुकावर कंपनी तगत नाही; कामाला येणारी वस्तू आणि दमदार भांडवल, दोन्ही लागतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुण्यात टेल्कोच्या परिवारातून ‘टाल’ ही यंत्रे बनविणारी कंपनी निघाली. तिने ‘ब्राबो’ नावाचा देशी यांत्रिक हात तयार करून 2016 साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडला. एक नमुना 2 किलो वजन पेलणारा, दुसरा 10 किलो. त्याला डोके नाही, पाय नाहीत. लहान कारखानदाराला परवडावा हाच त्याचा हेतू. त्याआधीच, 2010 पासून, चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात डेन्मार्कच्या ‘युनिव्हर्सल रोबोट्स’ कंपनीचे हात कामगारांच्या शेजारी उभे राहिले, आणि त्यांची संख्या पुढे शंभरावर गेली.

डिंभे, घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर अशी वाट उतरून आहुपे खोऱ्यातली पोरे याच चाकणला कंत्राटी कामासाठी जातात. त्यांना आम्हांला एवढेच सांगायचे आहे की यंत्राचे भय नवे नाही. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत दोन मागांच्या जागी तीन माग एका विणकराच्या गळ्यात घालण्याचा घाट निघाला. तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. त्याच मुंबईतला एक गिरणी कामगार, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू, 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झाला आणि गेला. आहुप्याकडून येणारी घोडनदी डिंभ्याला अडते, त्या जलाशयाला आज त्याचेच नाव आहे.

त्या लॉरीला इंजिन होते, पण ती पुढे घ्या म्हणणारी माणसे होती. हा भेद विसरू नये. ज्या जनरल मोटर्सने पहिला यांत्रिक हात कामाला लावला, तिने 2008 साली तळेगावला कारखाना उघडला आणि 2020 च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबविले. तेथे कामगारांच्या जागी यंत्रमानव आला नव्हता. मालकाचा हिशेब बदलला होता.

आणि आता नवी वेठ पाहा. यंत्रमानवाला हाताचे कसब शिकविण्यासाठी माणसांच्या हालचाली टिपून घ्याव्या लागतात. तामिळनाडूतील करूर येथे 2025 साली कामगार कपाळाला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालताना दिसले. त्यांचे कसब यंत्रात जाईल, यंत्र विकले जाईल. कसबाच्या धन्याला मिळेल ती त्या दिवसाची मजुरी.

1957 साली भारतीय श्रम परिषदेने रॅशनलायझेशनसाठी तीन तत्त्वे मान्य केली होती: असलेल्या कामगाराची कपात होऊ नये व मिळकत घटू नये, कामाचा बोजा नीट मोजावा, आणि लाभाची वाटणी मालक, कामगार व समाज यांत न्याय्य व्हावी. आमच्या मते यांत चौथे तत्त्व घालावयास हवे: ज्याच्या हातावरून यंत्र शिकले, त्याचा त्या यंत्राच्या कमाईत वाटा असावा. आणि ही चारही तत्त्वे कंत्राटी पोराला लागू व्हावीत, कारण करारात ज्याचे नाव नाही त्याचीच जागा यंत्राला सर्वांत आधी मिळते.

यंत्रमानवाच्या कंपन्या वाढोत. तापलेला लोखंडी तुकडा यंत्राने उचलावा, आमची ना नाही. मात्र यंत्र आणण्याचा कागद लिहिला जाईल तेव्हा त्या मेजाशी कामगाराची खुर्ची असली पाहिजे. ती खुर्ची कोणी आणून देत नाही. संघटना करून ती घ्यावी लागते.