पाणी जातं कुठे?

परवा उलव्याला फ्लॅट बघायला गेलो होतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तेव्हापासून ऑफिसात जो तो उलवेच म्हणतोय. ब्रोशरमध्ये पानभर 'सस्टेनेबल लिव्हिंग': गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी साठवायला टाकी वगैरे. सेल्सवाल्याला विचारलं, "भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला तर इथलं पाणी जातं कुठे?" तो म्हणाला, "सर, आपलं पोडियम उंच आहे."

प्रश्न खरं तर आजोबांचा. पेणकडे आमची थोडी खारजमीन होती. रायगडच्या (१९८१ पर्यंत कुलाबा) किनाऱ्यावर लोकांनी खाडीच्या चिखलातून भातशेती काढली ती बांध घालून. बांधात उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप बंद, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर. ना वीज, ना पंप! बाहेरचा मोठा बांध राखणारा शिलोत्रदार, आणि त्याबद्दल त्याला भाताचा वाटा. बांधाला खांड पडली, खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं शेत गेलंच. त्यामुळे डागडुजी हा सगळ्या गावाच्या पोटाचा प्रश्न.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको आली. जमीन बरीचशी भरतीच्या पातळीखाली. सगळीकडे उंच भराव घालायचा तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागणार. म्हणून भराव कमी आणि जोडीला होल्डिंग पाँड, दारं लावलेले. भरतीला दार बंद, पाऊस तळ्यात. ओहोटीला दार उघडं. याला 'डच पद्धत' म्हणतात. अहो, ही तर आमची उघाडी!

मग घोडं अडलं कुठे? गाळात. वाशी-बेलापूरकडच्या पाँडांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली. खारफुटी तोडायला हायकोर्टाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मनाई केली. योग्यच केलं, किनारा तीच धरून ठेवते. पण आता पाँड साफ करायचा तरी कोर्टाची परवानगी हवी. वेळच्या वेळी गाळ काढला असता तर ही वेळच आली नसती. आमच्या भाषेत, प्रॉडक्ट रिलीज झालं, सपोर्टला माणूस नाही. शिलोत्रदार कुणी नेमलाच नाही.

आणि बांध राखणाऱ्यांचं काय झालं? १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली. उलव्यातल्या कितीतरी इमारती त्याच भूखंडांवर आहेत. म्हणजे जमिनीचा वाटा मिळाला, पण पाण्याचं त्यांना कुणी विचारलं नाही.

असो. सेल्सवाल्याचे फोन चालूच आहेत. पावसाळ्यात अमावास्येचं उधाण आणि मुसळधार एकाच दिवशी गाठून परत जाणार आहे, गमबूट घालून. टोकन त्यानंतर.