पांढरं कव्हर

दार ढकलून आत या. साल १९६९, शहर लॉस एंजेलिस. तुम्ही स्वतः गाता, म्हणून मुद्दाम तुम्हालाच इथे आणलंय. खोक्यांत रेकॉर्डी उभ्या लावल्यात. बोटांनी एकेक पुढे ढकलत जा: रंगीत कव्हरं, चेहरे, नावं, आणि मध्येच हे एक कोरं पांढरं. ना फोटो, ना गाण्यांची यादी, ना कंपनीचं नाव. आत दोन एलपी, त्यांची लेबलंही कोरी.

‘बॉब डिलन,’ दुकानदार हळूच सांगतो. या रेकॉर्डचं बारसंही होऊन गेलंय: ‘ग्रेट व्हाइट वंडर’.

सुई टेकते. आधी खरखर, मग आवाज. १९६१ साली मिनिअ‍ॅपोलिसमध्ये ओळखीच्यांच्या घरी बसून गाणारा वीस वर्षांचा पोरगा. पुढे बाजू उलटली की तळघर. १९६६ च्या जुलैमध्ये डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला, दौरे थांबले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीजच्या एका गुलाबी घराच्या तळघरात तो मित्रांबरोबर वाजवायला बसू लागला. तेच मित्र पुढे ‘द बँड’ झाले. टेप रेकॉर्डर गार्थ हडसन सांभाळायचा. यातली काही गाणी इतरांनी गावीत म्हणून नमुन्यादाखल पाठवली गेली. ‘द मायटी क्विन’ तर मॅनफ्रेड मॅनने १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. पण डिलनच्या स्वतःच्या आवाजातली ती मुद्रणं विकायला काढायची नव्हती.

आता समजा, हा आवाज तुमचा आहे. घसरलेला सूर, ऐन वेळी जुळवलेली ओळ, मित्रांतलं हसणं. रियाजाची खोली कुणीतरी बाजारात आणून मांडलीय, तुम्हाला न विचारता. हात थरथरतो ना?

पण शेजारी उभा असलेला तो मुलगा पाहा. डोळे मिटून ऐकतोय. खिशातले पैसे पुन्हा मोजतोय. त्याला चोर म्हणवणार आहे तुमच्याच्याने? माझ्याने नाही म्हणवणार. खाजगी मैफलींच्या टेप आपल्याकडेही हातोहात फिरल्या आणि आपण त्या कान लावून ऐकल्या. गुन्हा ऐकणाऱ्याचा नाही. गाणं झालं की नाही, हे ठरवायचा गाणाऱ्याचा हक्क ज्याने विकला, त्याचा आहे.

आणि कायदा? गाण्याच्या शब्दांना, चालीला संरक्षण होतं. ध्वनिमुद्रणाला मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात जागा मिळाली ती १५ फेब्रुवारी १९७२ पासून, तीही त्यानंतरच्या मुद्रणांना.

रेकॉर्ड परत खोक्यात ठेवा. तळघरातली काही गाणी १९७५ मध्ये रीतसर बाहेर आली. सहा सीडींचा मोठा संच यायला २०१४ उजाडलं. त्याच्या कव्हरवर गाणाऱ्याचं नाव आहे.