खानदेशातील ग्रामीण कुटुंबांचा पूर्वजशोध : दप्तर आणि स्थानिक इतिहास
(विशेष संदर्भ : नरडाणा परिसर, जि. धुळे)

प्रस्तावना :

इंग्लंडमधील खेड्यात पूर्वजांचा शोध घेणारी व्यक्ती प्रथम चर्चच्या नोंदवह्यांकडे वळते. १५३८ च्या आदेशानुसार तेथे प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आणि १८३७ पासून मुलकी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे साध्या शेतमजुराच्या घराण्याचाही माग अनेक पिढ्या मागे नेता येतो. खानदेशातील खेड्यांत इतकी जुनी व सर्वांना सामावून घेणारी नोंदपद्धती नव्हती. येथे सामान्य माणसाचे नाव टिकले ते प्रामुख्याने सरकारच्या महसुली दप्तरात.

हा विषय आज केवळ घराण्याच्या अभिमानाचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. नरडाणा परिसरात औद्योगिक वसाहत आणि बोरविहीर-नरडाणा रेल्वेमार्ग यांच्या भूसंपादनाने वारसांचा प्रश्नही पुढे आणला. पणजोबांची एक नोंद सापडणे वा न सापडणे यावर नातवंडांचा शाळा-महाविद्यालयातील प्रवेश, नोकरी किंवा मोबदला अवलंबून असतो.

उद्दिष्टे :

१) पूर्वजशोधासाठी उपयुक्त ठरणाऱ्या ग्रामीण अभिलेखांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या अभिलेखांच्या वाचनात स्थानिक इतिहासाचे महत्त्व विशद करणे.
३) अभिलेखांतून निसटलेल्या समाजघटकांचा विचार करणे.

विषय विवेचन :

अ) बदलत्या प्रशासकीय सीमा

पूर्वजांचे गाव ठाऊक असले तरी ते कोणत्या दप्तरात शोधावे, हा पहिला प्रश्न असतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. त्यांतूनच पुढे जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. तालुक्यांची नावेही बदलली. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये ‘शिंदखेडा’ तालुका आढळत नाही. त्या जागी ‘विरदेल’ हा उपविभाग आहे. त्याचप्रमाणे जळगावऐवजी ‘नशिराबाद’ आणि रावेर-यावलऐवजी ‘सावदा’ आढळतो. हा बदल लक्षात न घेतल्यास अस्तित्वात असलेला कागदही ‘आढळून येत नाही’ असा शेरा मिळण्याचा संभव असतो.

आ) महसुली दप्तर

पेशवाईच्या अखेरीस, विशेषतः १८०२-०३ च्या धामधुमीत व दुष्काळात, खानदेशातील अनेक गावे बेचिराग झाली. इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या काळापासून वसाहतीचे प्रयत्न झाले. त्यामुळे ‘आमचे घराणे मूळचे येथलेच’ ही समजूत प्रत्येक वेळी तपासून घेणे आवश्यक ठरते. पुढे जमीन मोजणी आली. सारावाढीच्या भीतीने १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी तिला तीव्र विरोध केला आणि तो मोडण्यासाठी लष्कर वापरावे लागले. ज्या मोजणीला पूर्वजांनी विरोध केला, तिच्याच परंपरेतील कडईपत्रक, आकारबंद व टिपण हे कागद आज त्यांच्या वंशजांचा आधार ठरतात, ही इतिहासातील लक्षणीय विसंगती होय. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर फेरफार नोंदी सुरू झाल्या. त्यांत खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे येत असल्याने दोन पिढ्यांचे नाते एकाच ठिकाणी सिद्ध होते. जुने बरेचसे कागद मोडी लिपीत आहेत; म्हणून मोडीचे ज्ञान ही या शोधाची पूर्वअट आहे.

इ) जन्म-मृत्यू नोंदी व शाळेचे दप्तर

गाव नमुना नंबर १४, म्हणजेच बोलीभाषेतील ‘कोतवाल बुक’, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते; बापाचे नाव, जात व ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच असते. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांचा इतिहास माहीत असल्यास मृत्यूच्या नोंदींतील एकाएकी वाढलेली पाने अर्थपूर्ण ठरतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अनेकांची जन्मतारीख १ जून आढळते. ती बहुधा शिक्षकांनी सोयीसाठी लिहिलेली असते, हे विसरून चालणार नाही.

ई) नाव आणि आडनाव

जुन्या नोंदींत अनेकदा आडनाव नसते. स्वतःचे व बापाचे नाव एवढेच असते. शिवाय खानदेशात ‘पाटील’, ‘चौधरी’, ‘महाजन’ ही आडनावे पदांवरून वा मानावरून आलेली असून ती अनेक जातींत आढळतात. केवळ आडनावाच्या साम्यावरून नाते जोडणे धोक्याचे आहे. भाटांच्या वह्या, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, कुलदैवत आणि घरातील अहिराणी मौखिक परंपरा यांची दप्तराशी पडताळणी केल्यासच वंशावळ विश्वसनीय होते. धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने अस्सल कागद जपण्याची जी परंपरा निर्माण केली, ती येथे मार्गदर्शक ठरते.

उ) दप्तरातून निसटलेले

महसुली दप्तराचा हेतू वंश जपण्याचा नव्हता. सारा कोणाकडून घ्यावयाचा, हे ठरविण्याचा होता. म्हणून खातेदार सापडतो, त्याचा सालदार सापडत नाही. वतन असलेली महार कुटुंबे वतनाच्या कागदांत आढळतात. भूमिहीन कुटुंबे क्वचितच. भिल्ल समाजातील काहींची नोंद जागल्या म्हणून किंवा १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीत झाली, परंतु बहुतेकांचे नाव कोठेच उमटले नाही. स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली. तथापि पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने ती कमी झाल्याचे अनेक ठिकाणी दिसते. म्हणजे बहिणीचे नाव दप्तरात आले ते बऱ्याचदा हक्क सोडण्यापुरतेच. ज्यांना पुराव्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच पूर्वजांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत.

निष्कर्ष :

१) खानदेशातील पूर्वजशोध हा प्रामुख्याने महसुली अभिलेखांवर आधारित असून त्यासाठी मोडी लिपी व प्रशासकीय इतिहासाचे ज्ञान अनिवार्य आहे.
२) एकाच कागदावर विसंबून न राहता फेरफार, कोतवाल बुक, शाळेचे दप्तर व मौखिक परंपरा यांचा मेळ घालणे आवश्यक आहे.
३) नोंद नसणे म्हणजे त्या गावात पूर्वज नसणे असा अर्थ काढणे इतिहासदृष्ट्या सदोष आहे. पुराव्याचा निवाडा करताना ते दप्तर कोणासाठी व कशासाठी ठेवले गेले, याचा विचार झाला पाहिजे.
४) ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी वाचनवर्ग चालवून व वृद्धांच्या आठवणी संकलित करून या कामात पुढाकार घेतल्यास, ज्यांच्या नावे सातबारा नव्हता त्यांचाही इतिहास काही अंशी हाती लागेल.