वीज गेली म्हणून वाचलेला संगणक

मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी तेथील एका टर्मिनलचे काम थांबले. क्रेन धडधाकट होत्या, कामगारही होते. पण कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठे ठेवला आहे, हे सांगणारे संगणक बंद पडले होते. ट्रकच्या रांगा लागल्या, नोंदी हाताने करण्याची वेळ आली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील कंपनी चालवीत होती आणि त्याच दिवशी या समूहाची इतर देशांतील टर्मिनलेही ठप्प झाली.

न्हावा-शेव्यावर कोणी नेम धरला नव्हता. घाव होता युक्रेनवर. तेथील असंख्य कचेऱ्या हिशेब व करभरणीसाठी एकच आज्ञावली वापरीत. तिच्या नव्या आवृत्तीबरोबर हल्लेखोरांनी एक घातक आज्ञावली धाडली. पुढे तिला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. खंडणी मागण्याचा देखावा ती करी. परंतु पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती विंडोजमधील ज्या छिद्रातून शिरे, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध करून दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याच छिद्रातून शिरून जगाला इशाराही दिला होता. मग जूनमध्ये दुरुस्त केलेले संगणकही का पडले? विद्यार्थ्यांशी चर्चा करण्याजोगा भाग हाच आहे. शाळेच्या सर्व खोल्यांना नवी कुलुपे लावली, पण जुन्या कुलुपाच्या एका खोलीत साऱ्या किल्ल्यांचा जुडगा टांगलेला राहिला, तर काय होईल? जाळ्याची देखभाल करणारा माणूस एखाद्या संगणकावर काम करतो, तेव्हा त्याच्या ओळखीच्या खुणा त्या संगणकाच्या स्मृतीत राहू शकतात. नॉटपेट्या त्या उचली आणि त्यांच्या आधारे शेजारच्या संगणकात राजरोस शिरे. दुरुस्ती न केलेला एक संगणक तिला पुरेसा होता.

ही युक्ती नवी नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर एक ‘किडा’ सोडला. तोही काही छिद्रांतून शिरे; शिवाय नेहमीच्या ४३२ शब्दांची यादी घेऊन परवलीचे शब्द ओळखून पाही, आणि एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संगणकांत सहज पुढे सरके. आधीच लागण झालेल्या यंत्रावरही सातांपैकी एका वेळी तो ठाण मांडी, त्यामुळे त्याच्या प्रतींच्या गर्दीने यंत्रे गुदमरली. सुमारे ६,००० संगणकांना बाधा झाल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. गंमत अशी, की उपाय सांगणारा संदेश त्याच जाळ्यातून पाठवला गेला आणि वेळेवर पोहोचलाच नाही! त्याच महिन्यात अमेरिकेत अशा संकटांसाठी पहिले मदतकेंद्र स्थापन झाले. भारतात असे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले.

मर्स्ककडे परत येऊ. कोणत्या माणसाला कोठे प्रवेश आहे, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर या समूहाच्या जाळ्यात होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणून प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची राखीव प्रत मानला गेला होता. सगळेच एका वेळी पुसले जातील, हे कोणी धरले नव्हते. प्रती दीडशे, पण सर्व एकाच दोरीला बांधलेल्या!

अखेर एक प्रत सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तेथील सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता. भारनियमनाला वैतागलेल्या वऱ्हाडातील वाचकांना याचे हसू येईल. परंतु आखून केलेल्या व्यवस्थेने जे साधले नाही, ते त्या खंडित विजेने साधले.

ती माहिती इंग्लंडला तारेने पाठवायची तर तेथील संथ जोडणीवर कित्येक दिवस लागले असते. माणसाबरोबर पाठवायची तर घानातील कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनकडे निघाला. मग दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले.