एका वर्षाचे दोन निवाडे

स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटांच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचे कार्य प्रथम अंगीकारले, तेव्हा त्याच्यापुढे १९५३ सालातील ज्या कृती आल्या, त्यांत आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ आणि बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ हे दोन चित्रपट होते. आणि अमुक पारितोषिक योग्य ठिकाणी पडले की नाही, या आपल्या रसिकांच्या आवडत्या वादातले बहुतेक सारे मूलभूत प्रश्न या जोडीच्या इतिहासात एकवटलेले आढळतात.

१९५४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात ‘फिल्मफेअर’ने आपली पहिली पारितोषिके वाटली, त्या वेळी वाचकांच्या मतदानाने उत्कृष्ट चित्रपटाचा आणि उत्कृष्ट दिग्दर्शनाचा असे दोन्ही मान बिमल रॉय यांच्या पदरात पडले, परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारनियुक्त परीक्षकांचा कौल जाहीर समारंभात अमलात आला, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले आणि ‘दो बिघा जमीन’ची बोळवण गुणवत्तेच्या प्रमाणपत्रावर झाली.

एकाच कृतीविषयी काही महिन्यांच्या अंतराने असे भिन्न निर्णय व्हावेत, यात पक्षपाताचा वास घेण्यापूर्वी परीक्षकांना कोणता प्रश्न सोपविला होता, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. वाचकांना केवळ आपली पसंती कळवायची होती; उलट सरकारी पारितोषिकांच्या हेतूंत कलात्मक व तांत्रिक उंचीच्या जोडीने शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्यांचाही स्पष्ट समावेश होता. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली, कोकणातल्या दारिद्र्यातून मुलावर संस्कार करणाऱ्या मातेची ही कथा, वनमालाबाईंच्या संयत अभिनयाने आणि माधव वझे यांच्या निरागस श्यामने पडद्यावर सजीव झाली असताना, या दुसऱ्या कसोटीवर तिच्या तोडीला उतरेल अशी कृती त्या वर्षी विरळाच होती.

तथापि चित्रभाषेच्या सामर्थ्याचाच विचार करायचा, तर माझे मत निःसंशय ‘दो बिघा जमीन’कडे झुकते. १९५२ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहून प्रभावित झालेल्या बिमल रॉय यांनी, सावकारी पाशातून जमीन सोडविण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारा शंभू बलराज साहनींकडून असा उभा करून घेतला, की अखेरीस आपल्याच जमिनीवर उठलेल्या कारखान्याबाहेर तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही त्याला टाकायला लावतो, तेव्हा एका शेतकऱ्याची कैफियत साऱ्या ग्रामीण भारताची होऊन बसते. ‘श्यामची आई’चा प्रभाव मात्र पुष्कळ अंशी मूळ ग्रंथाच्या पुण्याईवर आणि संवादांवर उभा आहे.

म्हणून दोष असेल तर तो परीक्षकांच्या सचोटीचा नसून, कला आणि उपदेश ही दोन द्रव्ये एकाच तराजूत तोलण्याच्या व्यवस्थेचा आहे. सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मराठी चित्रपटाला पुन्हा लाभण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, वाट पाहावी लागली, या दीर्घ काळात आपण पहिल्या सुवर्णपदकाचा अभिमान निष्ठेने जतन केला, परंतु त्या अभिमानाच्या मानाने त्या चित्रपटाच्या रचनेची चिकित्सा फारच थोडी केली, ही गोष्ट मला मनापासून खटकते. पारितोषिक ही गुणांची सनद असली तरी ती रसिकाला विचार करण्याच्या जबाबदारीतून मुक्त करीत नाही. दोन्ही कृती स्वतः पाहून, आपण कोणत्या निकषावर बोलत आहोत हे आधी सांगून आणि मग कारणांसह मत देऊन जो वाद घालतो, तोच कोणत्याही परीक्षकमंडळाचा निर्णय तपासण्याचा खरा अधिकारी होय.